तीस माणसांचं घर

नांदेड किंवा लातूरकडच्या एखाद्या घरात कुणाच्या डोक्यावर परिणाम झाला, की घरच्यांपुढे पिढ्यान्‌पिढ्या दोन मोठे रस्ते असतात. एक पुण्याला, येरवड्याच्या मनोरुग्णालयाकडे जातो. दुसरा हैदराबादला, एरागड्ड्याकडे. देगलूर, बिलोली, धर्माबादकडच्या माणसाला हैदराबाद जवळचं. लातूर, औशाकडच्याला पुणं सोयीचं. तिसरा रस्ता गावातूनच निघतो आणि देवऋषाच्या ओट्यावर नाहीतर एखाद्या दर्ग्याच्या आवारात जाऊन थांबतो. बहुतेक जण आधी हाच धरतात. तिथं कागदपत्रं लागत नाहीत. शिवाय तिथं माणसाला ‘येडा’ म्हणत नाहीत. ‘बाहेरचं झालंय’ म्हणतात, आणि बाहेरचं म्हटलं की घराची अब्रू शाबूत राहते.

महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार आहेत: ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी. त्यांच्या मंजूर खाटा मिळून ५६९५ भरतात, त्यातल्या २५४० एकट्या येरवड्यात. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत असं एकही रुग्णालय नाही. पूर्वी मात्र होतं. निजामाच्या राज्याचं वेड्यांचं इस्पितळ जालन्यातच होतं. १९५३ मध्ये ते एरागड्ड्याला हलवलं गेलं. तीनच वर्षांनी मराठवाडा हैदराबादपासून वेगळा झाला. इस्पितळ तिकडेच राहिलं. काही वर्षांपूर्वी राज्य मंत्रिमंडळाने पुन्हा जालन्यातच प्रादेशिक मनोरुग्णालय उभारायला मंजुरी दिली. मागणी जुनी होती, त्यामुळे आनंद झाला हे ठीकच. पण मनोरुग्णालय ‘मिळालं’ एवढ्यावर भागत नाही. ते कसलं असावं, हे ठरवायची वेळ इमारत उभी राहण्याआधीची असते.

हा प्रश्न जगात सगळ्यात नीट विचारला गेला तो सव्वादोनशे वर्षांपूर्वी, इंग्लंडच्या यॉर्क शहरात. विचारणारा डॉक्टर नव्हता. चहा-कॉफीचा व्यापारी होता.

एक विधवा, सहा आठवडे

१७९० च्या मार्च महिन्यात लीड्स गावची हॅना मिल्स नावाची विधवा यॉर्कच्या वेड्यांच्या इस्पितळात दाखल झाली. ती क्वेकर पंथाची. माहेर-सासरची माणसं लांब, म्हणून त्यांनी यॉर्कमधल्या पंथबंधूंना कळवलं, की जरा तिची विचारपूस करा. ते गेले. इस्पितळाने भेटू दिलं नाही. एप्रिलअखेर ती वारली. सहा आठवड्यांत तिच्याशी आत काय झालं, ते कुणालाच कळलं नाही.

ते इस्पितळ काही बदनाम नव्हतं. १७७७ मध्ये उघडलेलं, देखण्या इमारतीचं, शहरातल्या प्रतिष्ठितांच्या देणग्यांवर चाललेलं. आत काय चालतं ते बाहेर यायला आणखी चोवीस वर्षं जावी लागली. १८१४ मध्ये गॉडफ्रे हिगिन्स नावाच्या दंडाधिकाऱ्याने चाव्या मागितल्या, दारं उघडायला लावली, आणि पाहुण्यांना कधीच न दाखवलेल्या कोठड्या त्याला सापडल्या. साधारण बारा फूट बाय आठ फुटांच्या एका खोलीत रात्री तेरा बायकांना कोंडत होते. घाण भिंतींपर्यंत चढलेली होती. त्याच्या आदल्याच डिसेंबरात इस्पितळाचा एक भाग जळाला होता. त्यात रुग्ण गेले आणि दप्तरही गेलं.

हॅना मिल्सच्या मृत्यूनंतर मात्र फक्त एक शंका होती. ॲन ट्यूक या तरुणीने आपल्या वडिलांना विचारलं, की आपल्या लोकांसाठी आपलीच एक जागा का असू नये? वडील विल्यम ट्यूक तेव्हा साठीला टेकलेले. १७९२ मध्ये त्यांनी पंथाच्या त्रैमासिक सभेपुढे प्रस्ताव ठेवला. सभेत सगळे लगेच तयार झाले नाहीत. आपल्यात इतके वेडे आहेत तरी कुठे, असंही काहींना वाटत होतं. ट्यूक चिकाटीचे होते. वर्गणी गोळा झाली, शहराबाहेर टेकाडावर अकरा एकर जमीन घेतली आणि १७९६ मध्ये घर उघडलं. नाव ठेवलं ‘रिट्रीट’. सोय तीस जणांची.

चहावाले, चॉकलेटवाले

क्वेकर म्हणजे सतराव्या शतकात जॉर्ज फॉक्सने सुरू केलेला, स्वतःला ‘मित्रांचा समाज’ म्हणवणारा ख्रिस्ती पंथ. पुरोहित नाही, मूर्ती नाही, वेदी नाही. सगळे गोल बसतात, गप्प राहतात, आणि ज्याला आतून काही सुचेल तो उठून बोलतो. बाईही बोलू शकते. प्रत्येक माणसात ईश्वराचा अंश आहे, ही त्यांची मुख्य श्रद्धा. म्हणून ते शपथ घेत नसत, युद्धावर जात नसत आणि कुणापुढे टोपी काढत नसत. या हट्टापायी त्यांना तुरुंग भोगावे लागले, विद्यापीठांची आणि सरकारी नोकऱ्यांची दारं बंद झाली. उरला व्यापार. एक भाव, चोख माल, हिशोब साफ. कॅडबरी, बार्कलेज, लॉइड्स ही नावं त्याच पेढ्यांतून मोठी झाली. ट्यूक घराण्याचा यॉर्कमधला कोको-चॉकलेटचा धंदा १८६२ मध्ये हेन्री रौनट्री या दुसऱ्या क्वेकराने विकत घेतला. आपल्याकडे टपरीवर मिळणारं किटकॅट याच रौनट्रींच्या कारखान्यातून १९३५ मध्ये पहिल्यांदा बाहेर पडलं. महाराष्ट्रालाही हा पंथ अगदी परका नाही. मार्जोरी साइक्स या क्वेकर बाई सेवाग्रामात राहून नयी तालीमचं काम करत होत्या.

ही श्रद्धा वेड्या माणसाला लावली की तिचा अर्थ रोकडा होतो. त्या काळच्या वैद्यकात एक मत रूढ होतं: बुद्धी गेली की माणसाचं माणूसपण जातं, उरतं जनावर, त्याला थंडी वाजत नाही, मार लागत नाही. म्हणून बेड्या, म्हणून उघडी फरशी आणि पेंढा. ट्यूकना हे पटणं शक्यच नव्हतं. अंश जर प्रत्येकात आहे, तर तो या माणसातही आहे. तो दबला असेल, विझलेला नाही. त्याच्याशी बोलायचं कसं, एवढाच प्रश्न.

बेड्या काढल्या, मग जेवायला बसवलं

घर बांधताना या प्रश्नाचं उत्तर लाकडा-लोखंडात उतरलं. खिडक्यांना गज नव्हते. तावदानांमधल्या पट्ट्याच लोखंडाच्या केल्या आणि त्या लाकडाच्या वाटतील अशा ठेवल्या. अंगणाची भिंत आठ फुटांची, पण उताराच्या खालच्या अंगाला बांधलेली; त्यामुळे घरातून ती ठेंगणी दिसायची आणि पलीकडची शेतं दिसत राहायची. अंगणात ससे, कोंबड्या, समुद्रपक्षी, ससाणे पाळले होते. ज्याला स्वतःचं काही करता येत नाही, त्याला दुसऱ्या जिवाचं काही करायला द्यायचं, हा त्यामागचा हिशोब.

डॉक्टर होते थॉमस फाउलर. त्यांनी त्या काळची सगळी आयुधं इथं वापरून पाहिली: रक्त काढणं, जुलाब, ओकाऱ्या, अफू. आणि प्रामाणिकपणे निष्कर्ष काढला, की यातलं जवळजवळ काहीच उपयोगी नाही. उदासीनतेच्या रुग्णांना गरम पाण्याच्या अंघोळीने तेवढा थोडा आराम पडतो. चवताळलेल्या रुग्णाला झोप येत नसेल तर अफूऐवजी भरपेट रात्रीचं जेवण द्या, हा उपायही तिथलाच. रात्री पोटभर जेवलेला माणूस झोपतो, हे त्या काळच्या वैद्यकाला नवीन होतं.

घर खऱ्या अर्थाने चालवलं ते जॉर्ज जेप्सनने. १७९७ पासून १८२३ पर्यंत तो अधीक्षक होता. वैद्यकी बरीचशी स्वतःच शिकलेला. मेट्रन कॅथरिन ॲलन हिच्याशी पुढे १८०६ मध्ये त्याने लग्न केलं आणि दोघं त्याच घरात राहिले. विल्यमचा नातू सॅम्युएल ट्यूक याने १८१३ मध्ये रिट्रीटचं वर्णन करणारं पुस्तक लिहिलं. त्यातले दोन प्रसंग इथं सांगायलाच हवेत.

चौतिशीतला एक धिप्पाड माणूस आणला गेला. आधी अनेकदा आजार उलटलेला. तो इतके दिवस साखळदंडात होता, की बेड्या न काढता कपडे चढवता-उतरवता यावेत म्हणून त्याच्या कपड्यांना नाड्या लावल्या होत्या. रिट्रीटमध्ये पाऊल ठेवताच बेड्या काढल्या. अधीक्षक मंडळी रात्रीचं जेवण घेत होती, तिथंच त्याला नेऊन बसवलं. तो गुमान जेवला. मग जेप्सनने त्याला त्याच्या खोलीत नेऊन समजावलं: इथं कुणाला बांधायची आमची इच्छा नाही, तशी पाळी तुम्ही आणू नका. माणसाने शब्द दिला. पुढे अधूनमधून तो भडकायचा, ओरडायचा. तसं झालं की जेप्सन त्याच्या शेजारी जाऊन बसायचा आणि बोलत राहायचा, तो निवळेपर्यंत. सुमारे चार महिन्यांत तो बरा होऊन घरी गेला. त्याला एकदाही बांधावं लागलं नाही.

दुसरा प्रसंग शेतातला. अधीक्षक एका रुग्णाबरोबर फिरायला गेलेला. ताकदवान आणि भडक माथ्याचा माणूस. काहीतरी बिनसलं. तो चार पावलं मागे सरला, मोठा धोंडा उचलला आणि फेकायच्या पवित्र्यात उभा राहिला. अधीक्षक पळाला नाही. नजर त्याच्यावर ठेवून पुढे चालत गेला आणि ठाम आवाजात धोंडा खाली ठेवायला सांगितलं. तो जवळ येत गेला तसा वर गेलेला हात खाली येत गेला.

असल्या धिटाईमागे जादू नव्हती. जेप्सनला तो माणूस माहीत होता. त्याची सकाळ कशी गेली, तो रात्री काय जेवला, कशाने बिथरतो, हे माहीत होतं. तीस माणसांच्या घरात हे माहीत असू शकतं.

गोडव्याआड काय होतं

रिट्रीटची गोष्ट एवढी गोड करून सांगितली तर ती खोटी होईल. तिथं पट्टे होते, बाह्या बांधलेला अंगरखा होता, एकांताची खोली होती. वापर कमी, पण होता. बांधणं पूर्ण बंद करण्याचा मान पुढच्या पिढीचा. १८३९ मध्ये लंडनजवळच्या हॅनवेल इस्पितळात जॉन कोनोलीने ते मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं.

शिवाय मेट्रनकडे चहाचे कार्यक्रम होत. रुग्ण ठेवणीतले कपडे घालून यायचे, शिष्टाचाराने बोलायचे. फ्रेंच विचारवंत मिशेल फुकोने १९६१ मध्ये यावरच बोट ठेवलं. त्याचं म्हणणं असं, की ट्यूकनी हातातली बेडी काढली आणि ती मनात घातली. आता माणूस स्वतःच स्वतःचा पहारेकरी झाला, चार लोकांत वेडं न दिसण्याची परीक्षा रोज देऊ लागला. ‘लोक काय म्हणतील’ या धाकात वाढलेल्या आपल्याला हा मुद्दा फोड करून सांगायला नको. फुकोचं म्हणणं अर्ध खरं आहे. उरलेलं अर्ध हे, की त्या धिप्पाड माणसाला दोन्हींतलं एक निवडायला सांगितलं असतं तर त्याने नाड्यांचे कपडे निवडले नसते.

खरा घात दुसरीकडून झाला.

मोठं होण्याचा आजार

रिट्रीटचं नाव सर्वदूर गेलं. फिलाडेल्फियाचे क्वेकर धर्मोपदेशक थॉमस स्कॅटरगुड यांनी ते पाहिलं होतं. मायदेशी परतल्यावर त्यांच्या आग्रहातून १८१३ मध्ये फ्रेंड्स असायलमची स्थापना झाली आणि १८१७ मध्ये बावन्न एकरांच्या शेतावर ते सुरू झालं. अमेरिकेतलं हे पहिलं खासगी मनोरुग्णालय. तिथं उमेदवारी केलेला थॉमस कर्कब्राइड, हाही क्वेकर, पुढे मनोरुग्णालयांच्या बांधणीचा शास्त्रकार झाला. वारा-उजेड खेळेल असे पसरलेले पंख, बागा, शेती. १८५४ च्या आपल्या ग्रंथात त्याने बजावून ठेवलं होतं, की एका इस्पितळात २५० च्या वर रुग्ण नकोत. त्यापलीकडे अधीक्षकाला माणसं ओळखता येत नाहीत.

सरकारांनी त्याचे नकाशे घेतले आणि आकडा टाकून दिला. अडीचशेचे हजार झाले, हजाराचे काही हजार. फिलाडेल्फियातच, फ्रेंड्स असायलमपासून फार लांब नसलेल्या बायबेरी सरकारी इस्पितळात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खच्चून माणसं भरली होती. युद्धावर जायला नकार दिलेल्या तरुणांना तिथं परिचर म्हणून पाठवलं गेलं आणि ती तुकडी क्वेकरांच्या संस्थेकडे होती. त्यातल्या चार्ली लॉर्ड या तरुणाने गुपचूप फोटो काढले: उघडीनागडी माणसं, रिकाम्या दालनात भिंतीला टेकलेली. १९४६ मध्ये ‘लाइफ’ मासिकात या इस्पितळांची हकीकत छापून आली आणि अमेरिका हादरली. वाट दाखवणारे क्वेकर आणि ती बुजलेली पाहून बोंब मारणारेही क्वेकर.

आशियातही एक शाखा फुटली होती. थिओफिल वाल्डमायर या स्विस क्वेकराने बैरुतजवळ अस्फूरिये इथं इस्पितळ काढलं; १९०० मध्ये ते सुरू झालं, लेबनॉनच्या यादवी युद्धात मोडकळीला येऊन १९८२ मध्ये बंद पडलं. फिलाडेल्फियाचं फ्रेंड्स इस्पितळ क्वेकरांनी २००५ मध्ये विकलं. आणि खुद्द यॉर्कच्या रिट्रीटमध्ये २०१८ च्या अखेरीस रुग्ण दाखल करून घेणं थांबलं. दोनशे बावीस वर्षांची इमारत रिकामी झाली. याचं दुःख वाटायचं कारण फारसं नाही. आज जगभर माणसाला घराजवळच उपचार मिळावेत, दाखल करायचं तर थोडे दिवस आणि साध्या दवाखान्यात, हा विचार मान्य झाला आहे.

आपल्याकडे

आपल्याकडची मनोरुग्णालयं दुसऱ्या मुशीतून आली. मुंबईत कंपनीने १७४५ च्या सुमारास सोय केली ती मुख्यतः आपल्या गोऱ्या नोकरांची. १८५८ च्या कायद्याने ‘लुनॅटिक असायलम’ सरकारी झाले; नागपूरचं १८६४ चं, रत्नागिरीचं १८८६ चं, ठाण्याचं १९०१ चं. वेडा म्हणजे शांततेला धोका, म्हणून पोलिसाने पकडायचा, न्यायाधीशाने पाठवायचा, उंच भिंतीआड ठेवायचा. १९१२ चा कायदा याच धाटणीचा, आणि १९८७ च्या कायद्याने त्याची जागा घेईपर्यंत तो टिकला. आत काम करणाऱ्या डॉक्टर, परिचारिकांत जीव ओतणारी माणसं होती आणि आहेत. पण चाळीस-पन्नास खाटांची रांग आणि दोन परिचर, या हिशोबात जेप्सनसुद्धा जेप्सन राहिला नसता.

इस्पितळाबाहेर साखळी होतीच. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूतल्या एरवाडी इथं दर्ग्याजवळच्या एका झोपडीवजा आश्रमाला आग लागली. आतली माणसं साखळीने बांधलेली होती. २८ जण गेले. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा या राखेतून उभा राहिला, असं म्हणायला हरकत नाही. त्याने बेड्या घालण्यावर सरसकट बंदी घातली, भूल न देता शॉक द्यायला मनाई केली, समाजात राहण्याचा हक्क दिला. तरीही २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्राला सांगावं लागलं, की मनोरुग्णालयातल्या माणसांना भिक्षेकरीगृहात धाडू नका. बरी झालेली माणसं होती ती. न्यायला कुणी येत नव्हतं.

उलट दिशेचं कामही याच राज्यात आहे. कर्जतला डॉ. भरत वाटवानींची श्रद्धा संस्था रस्त्यावरच्या मनोरुग्णांना उचलते, उपचार करते आणि त्यांचं घर शोधून पोचवते; २०१८ मध्ये त्यांना मॅगसेसे मिळालं. नगरजवळ डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे रस्त्यावर टाकून दिलेल्या मनोरुग्ण बायकांचा सांभाळ करतात. दोघांच्याही कामात ट्यूकची ओळख पटते: आधी अंघोळ, मग जेवण, मग नाव विचारायचं.

नांदेड-लातूरचा हिशोब

नांदेडला १९८८ पासून, लातूरला २००२ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि दोन्हीकडे मानसोपचाराचा विभाग. तिथल्या ओपीडीचं चित्र कुणालाही बाकावर बसून बघता येतं. रुग्णाबरोबर दोन-तीन नातेवाईक असतात. एकाच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी. तिच्यात तीन-चार गावच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, मेंदूचा फोटो, आणि तळाशी कुणीतरी दिलेला ताईत. ‘झोपच येत नाही’, ‘एकटाच बोलतो’, ‘शेतात जात नाही आता’. नंबर यायला वेळ लागतो, आत गेल्यावर मिनिटं थोडी मिळतात. पण एक गोष्ट घडते: माणूस संध्याकाळच्या एसटीने घरी परत जातो. येरवड्याला सोडलेला तसा जात नाही.

या भागाने मनाच्या जखमा डोळ्यांनी पाहिल्या आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने हजारो माणसं नेली. नवी घरं मिळाली, गावं नव्याने वसली. न झोपणारी, दारूला लागलेली, छताखाली निजायला घाबरणारी माणसं मागे राहिली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्या मानसिक परिणामांचा पुढे अभ्यास केला. मग शेतकरी आत्महत्या आल्या. सरकारने ‘प्रेरणा’ प्रकल्प चौदा जिल्ह्यांत नेला. त्यात मराठवाडा सगळा होता आणि घराघरांत जाऊन विचारण्याचं काम आशाताईंवर होतं. आता लातूर पॅटर्नच्या वसतिगृहांत सतरा-अठरा वर्षांची हजारो पोरं नीट परीक्षेच्या गुणांवर स्वतःची किंमत लावत बसलेली आहेत. या सगळ्यांना खाट नको आहे. त्यांना वेळेवर भेटणारं माणूस हवं आहे. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर चोवीस तास मराठीत बोलता येतं, ही माहिती अजून प्रत्येक खोलीच्या दारावर लागलेली नाही.

वाटही शेजारीच सापडली होती. कर्नाटकातल्या बळ्ळारी जिल्ह्यात १९८० च्या दशकात बंगळुरूच्या निम्हान्सने प्राथमिक केंद्रातल्या डॉक्टरांना शिकवून गावातच उपचार पोचवले. त्यावरूनच १९९६ मध्ये देशाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम निघाला. बळ्ळारी म्हणजे काळी जमीन, कोरडवाहू शेती, लांबलांब गावं. आपलंच रूप.

म्हणून जालन्याच्या इमारतीकडे बघताना खाटांचा आकडा मोठा निघाला की टाळ्या वाजवू नयेत. विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. एका दालनात किती जण? एका परिचारिकेकडे किती? नातेवाइकाला कधीही आत जाऊन बघता येईल का, की हॅना मिल्सच्या माणसांसारखं फाटकावरून परत फिरावं लागेल? बरा झालेला माणूस घरी घेतला नाही तर नांदेडमध्ये, लातूरमध्ये, प्रत्येक जिल्ह्यात दहा-पंधरा जणांचं घर आहे का? कायद्याने ते असायला हवं. किनवटच्या, निलंग्याच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एकदा मानसोपचाराचा डॉक्टर येतो का, आणि आला तर गोळ्या शिल्लक असतात का?

मराठवाडा मागास राहिला म्हणून इथं हजारो खाटांची भिंत कधी उभी राहिली नाही. इतर ठिकाणी ती पाडायला पैसा आणि काही पिढ्या लागत आहेत. आपल्याला ती बांधायचीच नाही, एवढं ठरवलं तरी पुरे. कर्कब्राइडचा अडीचशेचा आकडा सरकारांनी एकदा फेकून दिला होता. तो आता निविदेत लिहून घ्यावा, आणि आमदारांपासून जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत प्रत्येकाला त्याचा जाब विचारावा.